चार बोलींचा कारखाना आणि धंद्यातील भरवसा

अमरावतीहून नागपूरकडे निघालेल्या महामार्गावर नांदगाव पेठ लागते. आज या गावाची ओळख औद्योगिक वसाहतीमुळे आहे. येथे कापडाचे कारखाने आहेत, १३५० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र आहे, आणि आता पीएम मित्रा योजनेतील वस्त्रोद्योग पार्क उभा राहायचा आहे. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये या योजनेसाठी देशातील सात ठिकाणे जाहीर केली, त्यांत महाराष्ट्रातून अमरावतीची निवड झाली. सुमारे १००० एकरांवरील या पार्कचे भूमिपूजन २० सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते वर्धा येथील कार्यक्रमात झाले.

अशा वसाहतीच्या आधाराने लहान माणसांचाही धंदा चालतो. शेड उभारणारा फॅब्रिकेटर, वेल्डिंगचा ठेकेदार, मोटार रिवाइंडिंग करणारा मिस्त्री, ट्रकमालक, खानावळवाला, शिलाईचे युनिट टाकणारा कारागीर या सर्वांना तेथे काम मिळू शकते. आपल्या वाचकांपैकी बरेच जण याच धंद्यांत आहेत. भांडवल कोठून आणावे, यंत्र कोणते घ्यावे, यावर आपल्यात भरपूर चर्चा होते. परंतु एका प्रश्नाकडे फारसे लक्ष जात नाही. तो प्रश्न माणसांचा आहे.

घरच्या दुकानात भाऊ, भाचा आणि मोहल्ल्यातील दोन पोरे असतात. तेथे अर्धे काम नजरेच्या इशाऱ्यावर होते. वसाहतीत काम घेतले की चित्र बदलते. वेल्डर बिहारचा, हेल्पर मेळघाटातला कोरकू, फिटर वऱ्हाडातला, ऑपरेटर उत्तर प्रदेशातला आणि वरचा इंजिनिअर तमिळ किंवा तेलुगू बोलणारा, अशी मंडळी एका छपराखाली येतात. भाषा वेगळी, सण वेगळे, मान-अपमानाच्या कल्पना वेगळ्या. अशा लोकांकडून काम करवून घेणे हा स्वतंत्र हुन्नर आहे आणि तो शिकता येतो, असे आम्हास वाटते.

एकच शब्द, दोन अर्थ

आपण म्हणतो, हिंदी तर सर्वांनाच येते. येथेच घोटाळ्याला सुरुवात होते. मराठी माणूस हिंदी बोलताना मनात मराठी अर्थ धरतो, आणि ऐकणारा आपला अर्थ घेतो. 'खाली' हा शब्द घ्या. मराठीत खाली म्हणजे खालच्या बाजूला, तर हिंदी-उर्दूत खाली म्हणजे रिकामे. चेनपुली ओढणाऱ्यास कोणी वऱ्हाडी मिस्त्री "खाली कर" असे ओरडला आणि परमुलखातल्या माणसाने माल सोडून दिला, तर काय होईल याचा विचार करावा.

'कल' हा दुसरा शब्द. मराठीत काल आणि उद्या यांना वेगवेगळे शब्द आहेत, हिंदीत दोन्हींसाठी कल. "कल का माल" म्हटल्यावर कालचा माल की उद्याचा, हे मागच्या-पुढच्या बोलण्यावरून ओळखावे लागते. 'राजीनामा' शब्दाची गंमत तर आपल्या उर्दू जाणणाऱ्या बंधूंना ठाऊक आहेच. मराठीत तो नोकरी सोडण्याचा कागद, उर्दूत तो समझोत्याचा कागद. कारागिराने तडजोडीच्या इराद्याने राजीनाम्याची भाषा करावी आणि मालकाने त्याला रजा द्यावी, इतका फरक या एका शब्दात आहे.

मेळघाटातील कोरकू बंधूंची गोष्ट आणखी वेगळी. त्यांची भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नाही, ती मुंडा कुळातली आहे. धारणी-चिखलदऱ्याकडून आलेला तरुण हिंदी बोलतो, तेव्हा तो आपल्याइतकाच परक्या भाषेत बोलत असतो. तो गप्प राहिला म्हणजे त्याला अक्कल नाही, असे समजणे हा अन्याय आहे आणि धंद्याचे नुकसानही आहे.

वऱ्हाडच्या बाजारांचा धडा

परक्या माणसांशी व्यवहार ही वऱ्हाडला नवी गोष्ट नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापसासाठी येथे दूरदेशीच्या पेढ्या आल्या. ग्रीक घराण्याची राली ब्रदर्स आली. स्वित्झर्लंडच्या विंटरथूर गावातील फोलकार्ट बंधूंची पेढी आली. ही पेढी १८५१ मध्ये विंटरथूर आणि मुंबई येथे एकाच वेळी सुरू झाली होती आणि खामगावच्या कापूस बाजारात तिची खरेदी चालत असे. पुढे याच फोलकार्ट आणि टाटा यांच्या भागीदारीतून १९५४ मध्ये व्होल्टास कंपनी निघाली. या गोऱ्या व्यापाऱ्यांना वऱ्हाडी येत नव्हती आणि शेतकऱ्याला त्यांची भाषा येत नव्हती. मधे हमी घेणारा दलाल आणि अडत्या होता. त्याच्या शब्दावर लाखोंचा व्यवहार होई. अशा मधल्या माणसाची पत गेली की दोन्हीकडचा धंदा थांबे.

पण मधल्या माणसावर सर्व सोपविण्यात धोकाही होता. त्या काळी देशातील अनेक बाजारांत रुमालाखाली सौदा होई. दलाल आणि खरेदीदार कापडाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा राही, परंतु त्याच्या मालाचा भाव त्याला सर्वांच्या शेवटी कळे. वर वजनात कडता कापला जाई तो वेगळाच.

या प्रकाराला आळा घालण्याची सुरुवात आपल्या वऱ्हाडातच झाली, ही अभिमानाची बाब आहे. वऱ्हाडचा कारभार त्या वेळी हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेंटकडे होता. रेसिडेन्सीच्या हुकुमाने १८८६ मध्ये कारंजा येथे देशातील पहिली नियंत्रित बाजारपेठ स्थापन झाली. १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. यामागे सरकारचे शेतकऱ्यावरील प्रेम होते असे नाही, मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस योग्य भावाने हवा होता. तरीही त्यातून एक मोठे तत्त्व रुजले. भाव सर्वांच्या कानावर पडेल असा बोलावा, माप सर्वांच्या डोळ्यांसमोर व्हावे, आणि मापाडी व दलाल कोण हे ठरलेले असावे.

आजच्या कारखान्यात हेच तत्त्व लावून पाहावे. पगाराचा दर, सुट्टीचा नियम, ओव्हरटाइमचा हिशेब, चूक झाल्यास किती कापायचे, या गोष्टी मालक आणि मुकादम यांच्यातच ठरत असतील, तर तो रुमालाखालचा सौदाच आहे. कारागिराला तो शेवटी कळतो आणि मग त्याचा भरवसा उडतो.

चरखी दादरीचा अपघात

१२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानांची टक्कर झाली. एक सौदी अरेबियाचे, दिल्लीहून धहरानकडे निघालेले. दुसरे कझाकस्तानचे, दिल्लीकडे उतरत असलेले. दोन्ही विमानांतील सर्व ३४९ माणसे दगावली. सौदीच्या विमानात पोटापाण्यासाठी आखाताकडे निघालेले आपले कितीतरी बांधव होते.

सौदी विमानाला १४,००० फुटांची उंची दिलेली होती. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबण्याची सूचना होती, पण ते त्याखाली उतरत आले. चौकशी आयोगाने कारणे नोंदविली त्यांत कझाक वैमानिकांचे इंग्रजीचे अपुरे ज्ञान आणि त्यामुळे सूचनेचा झालेला चुकीचा अर्थ हे एक कारण होते. विमानाच्या प्रमुखाच्या नेतृत्वातील उणीव आणि चमूतील समन्वयाचा अभाव हीही कारणे आयोगाने दाखविली. त्या विमानात नियंत्रकाशी बोलणारा रेडिओ ऑपरेटर वेगळा होता आणि विमान चालविणारे वेगळे. बाहेरून आलेली सूचना एकाच माणसातून पुढे जात होती.

नियंत्रकाच्या सूचनेला विमानातून उत्तर मिळत होते. म्हणजे सूचना पोहोचली होती, पण ती समजली नव्हती. "हो" हे उत्तर मिळाले म्हणून काम झाले असे मानू नये, हा या दुर्घटनेचा धडा आहे. पुढे आंतरराष्ट्रीय विमान संघटनेने वैमानिक आणि नियंत्रक यांच्या भाषाज्ञानाची परीक्षा सक्तीची केली, ती २००८ पासून अमलात आली.

"समजले का?" असे विचारू नये

आपल्या कारखान्यात ३४९ जीव टांगणीला नसतात, पण वेल्डरच्या हाताखाली गॅसची नळकांडी असते आणि ऑपरेटरसमोर फिरता पट्टा असतो. काम सांगून झाल्यावर आपण विचारतो, "समजले का?" कारागीर मान हलवतो आणि म्हणतो, "जी साहब." त्याच्या मुलखात मालकाला "नाही समजले" म्हणणे बेअदबी समजली जात असेल. चार जणांसमोर आपण अडाणी ठरू, अशी भीतीही असेल. म्हणून त्याच्या होकाराचा अर्थ फार तर इतकाच, की त्याने ऐकले.

त्याऐवजी असे म्हणावे, "आता तू काय करणार, ते मला सांग." त्याने ते त्याच्या भाषेत, त्याच्या शब्दांत सांगावे. चुकले तर रागवू नये, पुन्हा सांगावे. यात फार वेळ जात नाही, आणि वाया जाणारा माल वाचतो. यंत्राचे किंवा उंचीवरचे काम असेल, तर एकदा हाताने करून दाखवावे आणि एकदा त्याच्याकडून करवून घ्यावे. 'खाली', 'सोड', 'थांब', 'वर' यांसारख्या धोक्याच्या शब्दांसाठी हाताचे इशारे ठरवून टाकावेत आणि ते सर्वांना शिकवावेत.

मापाच्या बाबतीत तर ही दक्षता दुप्पट हवी. जुना मिस्त्री सुतात मोजतो, आठ सुतांचा एक इंच. नवीन ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असते. चार सूत म्हणजे अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, आणि अर्ध्या इंचाच्या बोल्टवर १२ मिलिमीटरचे नट बसत नाही. शिलाईच्या धंद्यात कोणी गज म्हणतो, कोणी मीटर. शंभर गज म्हणजे साडेएक्क्याण्णव मीटरच्याही किंचित कमी. ठरावात हा शब्द स्पष्ट नसेल तर शंभरामागे साडेआठ मीटर कापडाचा वाद उभा राहतो. कापसातही तेच. आपल्याकडील गाठ १७० किलोची, अमेरिकेच्या आकडेवारीतील गाठ ४८० पौंडांची, म्हणजे सुमारे २१८ किलोची, आणि भाव मात्र ३५६ किलोच्या खंडीवर बोलला जातो. म्हणून आकड्याबरोबर माप लिहावे. नुसता आकडा लिहू नये.

उचल आणि हिशेब

भरवसा मोडतो तो बहुधा पैशावरून. परगावचा कारागीर येतो तेव्हा उचल घेऊन येतो. ही उचल बहुतेक वेळा मुकादमामार्फत जाते. मुकादम किती घेतो आणि कारागिराला किती पोहोचते, हे मालकाला माहीत नसते. चार महिन्यांनी हिशेबाच्या वेळी भांडण होते, आणि ऐन ऑर्डरच्या तोंडावर आठ माणसे रात्रीतून निघून जातात. मालक म्हणतो, हे लोक बेभरवशाचे. ते लोक म्हणतात, मालक लबाड. खरे तर मधल्या एका माणसाखेरीज दोघे एकमेकांशी कधी बोललेलेच नसतात.

यावर उपाय सोपा आहे. मुकादम ठेवावा, त्याचा मान राखावा, त्याचे कमिशन उघडपणे द्यावे. पण मजुरीचा दर प्रत्येक कारागिराला मालकाने स्वतः सांगावा, आणि मजुरी त्याच्या खात्यात किंवा त्याच्या हातात द्यावी. प्रत्येकाची एक वही असावी. तीत हजेरी, उचल आणि कपात दर आठवड्याला लिहावी आणि त्याला वाचून दाखवावी.

ही गोष्ट नवी नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ मध्ये झालेल्या कायद्याने ठेकेदारावर छायाचित्र लावलेले पासबुक देण्याची जबाबदारी टाकली होती. कामाची जागा, मुदत, मजुरीचा दर, कपात हे सर्व त्यात हिंदी-इंग्रजीत लिहायचे, आणि कामगाराची भाषा वेगळी असेल तर त्या भाषेतही. ठेकेदारांच्या कचेऱ्यांत ही पासबुके फार थोड्यांनी पाहिली असतील. आता तो कायदा २०२० च्या संहितेत समाविष्ट झाला असून, २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत कामगाराला नेमणूकपत्र देण्यावर भर आहे. आपले युनिट लहान असल्याने एखादे कलम लागू होत नसेलही. तरी लिहून देण्यास कोणत्या कायद्याची मनाई नाही.

आपल्या वाचकांना तर हे सांगण्याचीही गरज नसावी. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार, लहान असो की मोठा, लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार ठेवण्याचा आदेश आहे. त्यातील एक बारकावा ध्यानात घ्यावा. मजकूर कोणी सांगायचा, तर ज्याच्यावर देणे आहे त्याने. म्हणजे उचल घेतलेल्या कारागिराने स्वतःच्या तोंडाने सांगावे की मी इतके घेतले आणि असे फेडीन. मजुरी राहिली असेल तर मालकाने सांगावे की माझ्याकडे इतके बाकी आहे. वर आम्ही उलट सांगून घेण्याची जी पद्धत सांगितली, तीच पैशाच्या बाबतीत येथे आहे.

मान, सण आणि ताट

वऱ्हाडात 'तू' म्हणण्यात आपलेपणा असतो. आपण हिंदी बोलतानाही सहज 'तू' आणि 'तेरेको' म्हणून जातो. लखनौ किंवा पाटण्याकडच्या प्रौढ कारागिराला ते लागते. 'आप' म्हणण्यास खर्च येत नाही. तसेच चूक दाखवायची ती बाजूला घेऊन दाखवावी. चारचौघांत केलेला पाणउतारा माणूस विसरत नाही, मग तो कोणत्याही मुलखाचा असो.

सणांचे वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीसच भिंतीवर लावावे. बिहारच्या माणसाला दिवाळीनंतरच्या छठपूजेला गावी जायचे असते. कोरकू कारागीर होळीला गावाकडे निघतो. वऱ्हाडी माणसाला पोळा हवा, आपल्याला दोन्ही ईदा हव्यात. हे आधी माहीत असेल तर ऑर्डरच्या तारखा त्याप्रमाणे घेता येतात, आणि एकमेकांच्या सणाला एकमेकांनी पाळी सांभाळता येते. जुम्याच्या नमाजासाठी आपण वेळ काढतो, तेव्हा मागे काम सांभाळणाऱ्या सोबत्यालाही त्याच्या सणाला तेवढ्याच मोकळेपणाने सुट्टी दिली पाहिजे. एकाला सवलत आणि दुसऱ्याला नियम, असे झाले की भरवसा गेलाच.

जेवणाचाही परिणाम होतो. १९८३ मध्ये गुडगावला मारुती मोटारींचे उत्पादन सुरू झाले, तेव्हा जपानी भागीदारांच्या पद्धतीने साहेब आणि कामगार यांना एकच गणवेश आणि एकच कँटीन ठेवण्यात आले. आपल्या देशात त्याचे मोठे आश्चर्य वाटले होते. आपल्या लहान युनिटमध्ये कोणी शाकाहारी असेल, कोणाला हलालची अट असेल. ताटातले पदार्थ वेगळे असू द्यावेत, बसण्याची जागा एक असावी.

कठीण दिवस

एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आम्हास आवश्यक वाटते. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावती शहरात दंगा झाला, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. असे दिवस येऊ नयेत अशीच सर्वांची इच्छा आहे. पण आलेच, तर मिश्र कारखान्यात पहिली लागण अफवेची होते. त्या दिवशी मालकाने सर्वांना एकत्र बोलावून, जे माहीत आहे ते आणि तेवढेच सांगावे. कोण कसा घरी पोहोचणार हे ठरवावे. हिंदू कारागीर असो की मुसलमान, तो सुखरूप पोहोचल्याची खातरजमा करावी. प्रत्येकाच्या घरचा फोन नंबर आधीच वहीत असावा. इतर ३६४ दिवसांत जो भरवसा जमविला असेल, तोच त्या एका दिवशी कामाला येतो. त्या दिवशी नवा भरवसा निर्माण होत नाही.

वरच्यांशी बोलताना

आतापर्यंत आपण मालक म्हणून हाताखालच्यांविषयी बोललो. परंतु लहान ठेकेदार स्वतःही मधला माणूस आहे. त्याच्या वर कंपनीचा मॅनेजर असतो, कधी परदेशी खरेदीदार असतो. तेथे आपणच "जी साहब" म्हणणारे होतो. आठ दिवसांत काम होणार नाही हे ठाऊक असूनही "हो जाएगा" म्हणतो. आपल्या मनात तो नम्रपणा असतो, समोरच्याच्या वहीत मात्र ती तारीख पक्की होते.

म्हणून काम घेतल्यावर ठरलेल्या गोष्टी आपणच त्यांना लिहून पाठवाव्यात. माल कोणता, माप कोणते, तारीख कोणती, पैसे केव्हा. व्हॉट्सॲपवर चार ओळी लिहिल्या तरी पुरे. उशीर होणार असेल तर तो तारखेच्या आदल्या रात्री सांगू नये, कळेल त्याच दिवशी सांगावा. वाईट बातमी वेळेवर देणाऱ्या ठेकेदाराला कंपनी पुन्हा बोलावते, आणि फोन बंद ठेवणाऱ्याला पुन्हा दारात उभे करीत नाही.

नांदगाव पेठच्या पार्कमध्ये उद्या मोठी यंत्रे येतील, ती ज्याच्याजवळ भांडवल आहे त्याला मिळतील. परंतु चार मुलखांची माणसे ज्याच्या शब्दावर टिकून राहतात, असा ठेकेदार बाजारात विकत मिळत नाही. आपल्या तरुण कारागिरांनी येत्या सोमवारी एवढेच करून पाहावे. प्रत्येक माणसाच्या नावाची एक वही घालावी, त्याचा दर आणि उचल त्याच्याच तोंडून लिहून घ्यावी, आणि काम सांगितल्यावर ते त्याच्याकडून उलट सांगून घ्यावे. वहीला फार खर्च येत नाही.